डोळे मिटलेले ऋषी

अल्फारेटा
३ जून २०२४

आसावरी,

आशीर्वाद आहेतच, ते गृहीत धर. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू "हो ताई, बरं ताई" म्हणतेस आणि लगेच तुझी मीटिंग लागते. फॅमिली ग्रुपवर काही लिहावं तर नागपूरच्या काकूंपासून सगळे वाचतात आणि खाली हात जोडलेले पाठवतात. म्हणून कागद काढला. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

तुमच्या वास्तुशांतीला आम्हाला येता आलं नाही, श्रीरामला सुट्टी मिळाली नाही, ते झालंच. केदारने टाकलेले फोटो मी एकेक करून मोठे करून बघितले. घर छान आहे. किचनचा ओटा जरा जास्तच मोठा घेतलात, पण ते तुमचं तुम्ही बघा. माझी नजर अडकली ती हॉलमधल्या चित्रावर. काळंपांढरं, जुन्या पुस्तकातलं असावं तसं. कड्याला टेकून, घोंगड्या पांघरून, डोळे मिटून ध्यानाला बसलेले ऋषी, आणि बाजूला गुरू-शिष्य उभे. खाली माझ्या भावाने लिहिलं होतं, "सियाचं पहिलं काम. मामीला गृहप्रवेशाची भेट."

पहिलं काम. मामीला.

आसावरी, मुलगी माझी आहे. रेडमंडची चांगली नोकरी सोडून जुने कागद दुरुस्त करायला शिकायचं म्हणून ती तुमच्या बाजूला आली, वेगळं अपार्टमेंट कशाला म्हणून तुमच्याकडे राहिली. दीड वर्ष झालं. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच. पण पहिली कमाई असो की पहिलं काम, ते देवापुढे ठेवायचं आणि मग आईच्या हातात द्यायचं, हे तिला इथे अमेरिकेत वाढून माहीत नसेल, तुला तर माहीत होतं? केदारने पहिला पगार कोणाच्या हातात दिला होता ते तू आमच्या आईच्या तोंडून शंभरदा ऐकलंयस. चित्र घेताना एकदा तरी म्हणायचंस, "सिया, हे आईला दे." तुझी जीभ का नाही वळली?

आणि ऋषींचं चित्र टीव्हीशेजारी लावत नाहीत.

सुलेखा


प्लेनो
१४ जून २०२४

सुलेखाताई,

नमस्कार, इथूनच वाकून करते आहे.

पत्र आलं तेव्हा सिया शेजारीच उभी होती. "आईचं हॅन्डरायटिंग" म्हणाली आणि पाकिटाकडे बघत राहिली. मी आत जाऊन वाचलं. तुम्हाला वाईट वाटलं हे चुकीचं नाही. तिने चित्र हातात ठेवलं तेव्हा मला इतका आनंद झाला की बाकी काही सुचलंच नाही. खोटं कशाला लिहू.

तुम्ही ऋषी म्हणालात, तर तसं अगदी नाही. फार जुनी एक इटालियन कविता आहे, मेल्यावर माणूस कुठे कुठे जातो त्याची. त्या कवितेसाठी कोणीतरी लाकडाच्या ठोकळ्यावर रेघ रेघ कोरून ही चित्रं छापली. त्यातलंच हे एक पान. ही माणसं एका डोंगरावर बसली आहेत, वर जायची वाट बघत. पान पाण्याने डागाळलेलं होतं, कोपरा फाटून गेलेला. सियाने कित्येक महिने त्यावर काम केलं.

तिची काळजी करू नका. वजन जरा वाढलंय. शनिवारी सकाळी माझ्यापुढे खाली बसते आणि केसांना तेल लावून घेते, तेव्हा खूप बोलते. एरवी कामात असते. केदार म्हणतो, या पोरीने घराला घरपण आणलं.

श्रीरामरावांना नमस्कार सांगा.

आसावरी


अल्फारेटा
२१ जून २०२४

आसावरी,

तेल? माझ्याकडे होती तेव्हा तेलाची बाटली दिसली की बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची. शाळेत सगळे हसतात म्हणायची. आणि तुझ्यापुढे मांडी घालून बसते. वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला. तू हे मुद्दाम लिहिलंस असं मी म्हणणार नाही. पण लिहिलंस.

"घराला घरपण आणलं." बरोबर. माझ्या घराचं काढलं आणि तुमच्या घराला आणलं.

आता चित्राचं. मेल्यानंतरची माणसं, डोंगरावर, वर जायची वाट बघत. म्हणजे मोक्षाची वाट बघणारे तपस्वी. मी काय वेगळं म्हटलं होतं? इटलीत काय ऋषी नसतात? तू उगाच मला दुरुस्त करू नकोस.

मी सरळ सांगते, मला ते चित्र पाहिजे. विकत नको, त्याच्यासारखं दुसरं नको, तेच पाहिजे. माझ्या मुलीच्या हातचं पहिलं काम माझ्या देवाजवळ राहील. तुझ्याकडे ती स्वतः आहे, तुला चित्राची काय गरज? सियाला मी मागितलं असतं, पण माझा फोन ती तीनदा वाजल्याशिवाय घेत नाही, आणि घेतला की "आई, आय अ‍ॅम इन द लॅब." त्यामुळे तुलाच सांगते. धाकटी भावजय म्हणून एवढं कर. नाही केलंस तर मी समजेन काय समजायचं ते.

सुलेखा


प्लेनो
६ जुलै २०२४

सुलेखाताई,

चित्र पाठवते आहे. वेगळ्या खोक्यातून येईल, वर काचेची खूण आहे.

मी सियाला विचारलं, आईला द्यायचं का. तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "आईला खरंच हवंय? शुअर?" मी म्हटलं, तुझ्या आईने पत्र लिहून मागितलंय. तर उठली आणि स्वतः पॅक करायला बसली. मला हातसुद्धा लावू दिला नाही. कोपऱ्यांना फोम लावला, वरून दोनदा पुठ्ठा गुंडाळला. मी दारात उभी राहून बघत होते. तुम्हाला खरं सांगायचं तर भिंतीवरून ते काढताना मला फार लागलं. तुम्ही मागितलंत म्हणून दिलं, मनापासून दिलं असं नाही म्हणणार.

एक विनंती आहे. ते देवघरात लावू नका. कागदाला धूर, तेल, दिव्याची आच चालत नाही असं सिया म्हणते. हॉलमध्ये किंवा तुमच्या खोलीत लावा.

आसावरी


अल्फारेटा
२० जुलै २०२४

आसावरी,

पोचलं. काच शाबूत.

श्रीरामकडून लगेच खिळा ठोकून घेतला. देवघरातच लावलंय, गजानन महाराजांच्या उजव्या हाताला. आता लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. धूर लागू नये म्हणून मी उदबत्ती बंद केली आणि समईऐवजी बॅटरीचा दिवा आणला. तीस वर्षांची उदबत्ती माझ्या मुलीच्या कागदासाठी बंद केली, हे तिला सांग. फ्रेमला रोज हळदकुंकू लावते, काचेवर नाही, लाकडावर. सकाळी ऑफिसला लॉगिन करण्याआधी पाच मिनिटं त्या तपस्व्यांसमोर बसते. किती शांत चेहरे आहेत. सगळे एकमेकांना टेकून बसलेत, कोणाला कोणाची घाई नाही.

श्रावणात पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, रविवारी, सत्यनारायण ठेवलाय. मंडळातल्या सगळ्यांना बोलावलंय. पूजा झाली की सियाचं काम सगळ्यांना दाखवणार. इथे लोकांच्या मुली डॉक्टर, मुलगे स्टार्टअपवाले. "सिया काय करते सध्या?" म्हणून विचारतात, आणि मी "तिचं चालू आहे काहीतरी" म्हणते. आता भिंतीकडे बोट दाखवता येईल.

तुझ्या भिंतीवर खिळा राहिला असेल. त्याला मंडळाचं कॅलेंडर लाव.

सुलेखा


प्लेनो
५ ऑगस्ट २०२४

सुलेखाताई,

चार दिवसांपासून फोन करते आहे, तुम्ही उचलत नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि उत्तर नाही. म्हणून घाईत लिहिते. पूजेच्या आधी ते चित्र देवघरातून काढा. निदान त्या दिवसापुरतं तरी आत ठेवा. कारण मी कागदावर लिहिणार नाही, तुम्हाला आवडणार नाही. फोनवर सांगते. माझ्यावर राग असेल तर असू दे, पण एकदा फोन उचला.

आसावरी


अल्फारेटा
२० ऑगस्ट २०२४

आसावरी,

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. मला वाटलं, चित्र गेलं म्हणून हिच्या पोटात दुखतंय, आता माझ्या देवघरातून काढायला लावतेय. मी श्रीरामला तेच म्हणाले. तो म्हणाला, "एकदा ऐकून तर घे." नाही ऐकलं.

तर ऐक काय झालं. पूजा झाली, आरती झाली, सगळ्यांच्या हातात शिऱ्याचे द्रोण. मी देवघराचं दार पूर्ण उघडलं आणि म्हटलं, हे आमच्या सियाचं काम. बायका पुढे आल्या. वा वा झालं. मला इतकं बरं वाटलं, माझा आवाजसुद्धा बदलला होता. इला आली होती. ती शाळेत चित्रकला शिकवते, इथेच जन्मलेली. ती नमस्कार करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग चष्मा लावला.

"काकू, हे इथे का लावलंय?"

मी म्हटलं, तपस्वी आहेत, इटलीतले.

"नो काकू, हे साधू नाहीत. हे जेलस लोक आहेत. दुसऱ्याचं चांगलं झालेलं यांना बघवत नव्हतं, म्हणून मेल्यावर त्यांचे डोळे तारेने शिवून टाकलेत. सी, इथे टाके दिसतात." आणि तिने काचेवर बोट ठेवून एकेकाचे डोळे दाखवले.

ती पोर वाईट नाही. तिला वाटलं मला माहिती पाहिजे. पण मंडळातली ती प्रीता माझ्याकडे बघून हसली. मग दुसऱ्या कोणीतरी विषय बदलायला म्हणून शिरा छान झालाय म्हटलं, आणि ते जास्त लागलं.

महिनाभर, आसावरी. महिनाभर मी त्यांना हळदकुंकू लावलं. हात जोडून, डोळे मिटून त्यांच्यापुढे बसले. मत्सर करणाऱ्यांपुढे. आणि तुला सगळं माहीत होतं. पहिल्या पत्रापासून माहीत होतं, "वर जायची वाट बघत" म्हणे. सियाला माहीत होतं. तिने स्वतःच्या हाताने फोम लावून पाठवलं. दोघी मिळून बसला असाल, सोफ्यावर, तेल लावत, आणि म्हणाला असाल, जाऊ दे, तिला शोभेल.

मला तुझा मत्सर वाटतो, हो वाटतो. रोज वाटतो. सकाळी उठते तेव्हा पहिला विचार येतो की तिने आज तुझ्या हातचा चहा घेतला असेल. हे सांगायला मला भिंतीवर चित्र लावायची गरज नव्हती.

केदारची राखी पाकिटात घालून, पत्ता लिहून तयार होती, पूजेच्या गडबडीत टाकायची राहिली. पाठवत नाहीये. त्याला काय सांगायचं ते तू सांग. आणि माझी मुलगी मला परत दे. तिला म्हणावं, सामान बांध, आई न्यायला येतेय.

सुलेखा


प्लेनो
३१ ऑगस्ट २०२४

ताई,

आज नमस्कार शेवटी करीन, जमला तर.

तुम्ही लिहिलंत की आम्ही सोफ्यावर बसून तुम्हाला हसलो. असं झालेलं नाही. चित्र देवघरात जाणार असं तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत तेव्हाच मी स्पष्ट सांगायला हवं होतं, ते नाही सांगितलं. धुराचं कारण पुढे केलं. कारण त्यातली माणसं कोण आहेत हे सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मला टोमणा मारतेस. आता न सांगूनही तेच म्हणताय. मी काय करायला हवं होतं?

आणि सियाने हे चित्र मला दिलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. तिने टाके दाखवले, गोष्ट सांगितली, आणि माझा चेहरा उतरला. मला वाटलं, पोरीने मला ओळखलं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. शेवटी विचारलं, हेच का दिलंस? ती हसायला लागली. म्हणाली, लॅबमधल्या गठ्ठ्यातलं हे सगळ्यात खराब पान होतं, सरांनी टाकून दे म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी घेतलं. मग म्हणाली, "मामी, बाकीच्या चित्रांत सगळे आपापलं भोगत असतात. यांना दिसत नाही ना, म्हणून हे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेत. आय लाइक देम." तो नरक नाही ताई. शिक्षा संपली की डोळे उघडतात आणि ते वर जातात. एवढंच आहे त्यात.

तुम्हाला का नाही दिलं, हेही विचारलं होतं. तिने रेडमंड सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "कागद चिकटवायला इंजिनिअर झालीस का?" तुम्ही विसरला असाल. ती म्हणाली, आईला दाखवलं तर ती आधी चूक शोधेल.

आता माझं. तुम्ही रोज जळता म्हणालात. मी काय करत असेन असं वाटतं तुम्हाला? मी वरण केलं की ही लिंबू पिळते आणि म्हणते, आई चिंचगूळ घालते. मी पोळी लाटली की म्हणते, आईची पातळ असते. सर्दी झाली की आईचा काढा, साडी नेसायची तर आईसारख्या निऱ्या. माझ्या घरात, माझ्या ओट्याशी उभी राहून दिवसभर तुमचं चालू. तुम्हाला काय माहीत मला कसं होतं. मी गुपचूप चिंचगूळ घालून बघितला एकदा. ती म्हणाली, "ऑलमोस्ट."

तुमच्यावर ती चिडते. फोन आपटते. माझ्यावर ती दीड वर्षात एकदाही चिडलेली नाही. आणि मी तिला एकदाही रागावलेली नाही. डॉक्टरांकडे इतकी वर्षं घालवून मला मूल झालं नाही, आता एक मुलगी घरात आलीय, तर मी पाय न वाजवता वावरते. रागावले तर जाईल. तुम्ही काहीही बोला, ती जाऊन जाऊन जाणार कुठे, आई ती आईच. मला एकदा तिने चिडून दार आपटावं असं वाटतं. तुम्हाला ते फुकट मिळतं आणि तुम्ही रडता.

न्यायला या म्हणजे काय? ती सामान आहे का? यायचं तर या, पण तिला विचारून या.

केदारने पौर्णिमेला दोनदा मेलबॉक्स उघडून बघितली. मी त्याला पोस्टाचा उशीर म्हणून सांगितलं.

नमस्कार.

आसावरी


अल्फारेटा
६ ऑक्टोबर २०२४

आसावरी,

उत्तराला महिना झाला. राग म्हणून नाही. तुझं पत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवायचे, परत काढायचे. "ऑलमोस्ट" वाचून मला आनंद झाला होता, तो आधी सांगून टाकते. चांगलाच झाला. मग दोन दिवसांनी त्याच शब्दावर रडू आलं. तू चिंचगूळ घालून बघितलास, हे माझ्या डोक्यातून जाईना.

राखी यासोबत आहे. उशीर झाला म्हणून तोंड वाकडं करू नकोस म्हणावं.

चित्र देवघरातून काढून माझ्या खोलीत लावलंय. श्रीरामचं स्टॅम्पचं भिंग घेऊन नीट बघितलं. टाके आहेत, फार बारीक. कोरणाऱ्याचा हात चांगला होता. मग सियाने जोडलेला कोपरा शोधायला गेले. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका काढायचा पगार घेणारी बाई मी, तासभर शोधला, कुठे जोडलंय ते सापडलं नाही. ते तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "रियली? बघ ना नीट, खालचा डावा." मी म्हटलं, बघितला. नाही सापडला. तेव्हापासून माझा फोन ती जरा लवकर घेते.

आता मुख्य गोष्ट. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलंय.

श्रीराम रोज ऑफिसातून येताना गाडीत कोणाशी तरी बोलतो, हे मला माहीत होतं. मला वाटायचं ऑफिसचं असेल. गॅरेजमध्ये शिरला की बंद. गेल्या बुधवारी म्हणाला, "उद्या मी गाडी ठेवून जातो, मला घ्यायला ये, येताना शेजारी बस, आणि बोलू नकोस." बसले. चारशे नंबरच्या हायवेला लागल्यावर त्याने फोन लावला आणि स्पीकरवर आपली सिया. रोज, आसावरी. दीड वर्ष तो रोज तिच्याशी अर्धा तास बोलतोय. तू आणि मी पत्रातून एकमेकींच्या झिंज्या उपटत होतो आणि हा माणूस ट्रॅफिकमध्ये बसून सगळं ऐकत होता. मी नंतर विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाला, "तू फोन हिसकावला असतास." हिसकावला असता.

मी तोंडावर हात ठेवून बसले होते. ती काय काय सांगत होती, लॅबमधलं, कोणती तरी गोंदाची रेसिपी. मग मध्येच थांबली. "बाबा, आई शेजारी आहे ना? मला ब्रीदिंग ऐकू येतंय." श्रीरामने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, आहे. "मग बोल ना."

दीड वर्ष ज्याच्यासाठी मी तडफडत होते ते समोर होतं आणि डोकं रिकामं. शेवटी तीच बोलली. व्हरमाँटमध्ये कागद दुरुस्तीची एक मोठी वर्कशॉप आहे, तिथे तिला दोन वर्षांसाठी घेतलंय. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जायचंय, दिवाळीच्या आधी. नक्की झालंय. श्रीरामला ऑगस्टपासून माहीत होतं.

मी पहिलं काय विचारलं असेल सांग. विचारलं, "मामीला सांगितलंस?"

ती रडायला लागली. म्हणाली, "नाही सांगितलं. तिला सांगितलं तर ती काहीच बोलणार नाही, नुसती हसेल, आणि मग मला जाता येणार नाही. आई, तू सांग. प्लीज."

तर सांगते आहे. ती जातेय, आसावरी. तुझ्याकडून जातेय आणि माझ्याकडे येत नाहीये.

आयुष्यात पहिल्यांदा तिच्याबद्दलचं काही मला तुझ्या आधी कळलं. हा दिवस यावा म्हणून मी काय काय म्हटलं असेल मनात, ते लिहिण्यासारखं नाही. पहिल्या कागदावर मी हे फार ताठ लिहिलं होतं, बघ, मला आधी सांगितलं म्हणून. वाचलं आणि फाडलं. तू ते वाचताना ओट्याशी उभी असशील असं डोळ्यापुढे आलं. दुसरा आणि तिसरा रडून ओला झाला. हा चौथा.

ती हे मला सांगते आणि तुला सांगत नाही, यात मी जिंकले असं मला वाटायला हवं होतं. पण ज्याला सांगताना तोंडातून शब्द फुटत नाही, ते माणूस तिला किती लागतं ते मला कळतं. मला ती धडाधड सांगून मोकळी होते. तू म्हणालीस ना, चिडणं मला फुकट मिळतं. तुझं हे असलं मला कधी मिळालं नाही. असू दे. दोघींना सगळं थोडंच मिळणार आहे.

तू तिच्यापुढे हसत बसू नकोस. एकदा चांगली रागाव. मला न विचारता ठरवलंस, मला शेवटी सांगतेस, म्हणून ओरड. ती जाणारच आहे, आता तुला घाबरायचं काय कारण. दार आपटलं तर मला लगेच फोन कर.

तिचं विमान सव्वीस तारखेचं आहे. मी पंचवीसला येतेय, तिकीट काढलंय. ती गेल्यावर तुम्ही दोघं तिच्या वरच्या खोलीकडे एकटे जाऊ नका. कपाट, पलंग, सगळं आपण दोघी मिळून आवरू, आणि मी दिवाळी तुझ्याकडेच करीन, श्रीराम मागून येईल. चकल्यांचं पीठ मी आणते, तुझ्या त्या भल्यामोठ्या ओट्यावर जागा ठेव.

तिच्या उशीचा अभ्रा तू धुवायला टाकू नकोस. उशी मी घेऊन जाणार आहे, त्यावर वाद नको.

सुलेखा